गहू चघळण्याची नोकरी

मला पगार मिळायचा तो गहू चघळण्याचा. नेमणुकीच्या पत्रात 'केमिस्ट' असा भारदस्त शब्द होता, गिरणीत मला प्रयोगशाळा होती, तिथे काचेची भांडी होती आणि त्यांतल्या बहुतेक भांड्यांत मी कधी ना कधी चहा प्यायलेला होता. पण मालकांनी मला ठेवलं होतं ते माझ्या तोंडासाठी. उत्तरेकडून मालगाडीनं गव्हाच्या वाघिणी आल्या की गिरणीच्या रेल्वे सायडिंगवरून बोलावणं यायचं. हमाल पोत्यात टोकदार नळी खुपसून दाणे काढायचे, मी ते तोंडात टाकायचो, चघळत चघळत आकाशाकडे बघायचो आणि निकाल द्यायचो : "पावाला चालेल" किंवा "बिस्किटाला ठेवा". आकाशाकडे बघण्याला शास्त्रीय आधार काही नव्हता. पण तेवढ्या वेळात दलालाचा चेहरा उतरत असे, आणि त्यामुळे भाव जरा खाली यायचा, असं मालकांचं निरीक्षण होतं.

ज्यांचा पिठाशी संबंध पोळीपुरताच आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की आत एक चिवट जाळं तयार होतं. त्याला म्हणतात ग्लूटेन. पोळी लाटताना ताणली जाते पण फाटत नाही, ती त्याच्यामुळे. पाव फुगतो तोही त्याच्यामुळे. ज्वारीत ते नसतं, म्हणून भाकरी थापावी लागते. गव्हात ग्लूटेन किती आणि कसलं, हे कळायचा सरळ मार्ग म्हणजे पिठाचा गोळा पाण्याच्या धारेखाली धुवायचा. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा एक पिवळट गोळा उरतो. तो ताणून बघायचा. हेच काम तोंडही करतं, आणि फार पटकन करतं. दाणे आधी कडकड फुटतात, मग पिठूळ होतात, मग गोड लागतात, आणि गोडवा गेला की जिभेवर नुसता चिवट गोळा राहतो. लहानपणी आपण सगळ्यांनीच गव्हाचं च्युइंगगम केलेलं आहे. मी ते वय संपल्यावर थांबलो नाही, एवढाच फरक.

गिरणीतले तमिळ हमाल या गोळ्याला 'पसै' म्हणत. पसै म्हणजे खळ, डिंक, जे काही चिकटवायला वापरतात ते. "राव सार, पसै एप्पडी?" म्हणजे चिकटा कसा आहे, हा प्रश्न मी मद्रासमध्ये जितक्या वेळा ऐकला तितक्या वेळा 'कसे आहात' हेसुद्धा ऐकलं नसेल. माझं आडनाव राव नाही. पण मद्रासमध्ये मराठी माणूस हा राव असतो, आणि ते दुरुस्त करत बसण्याइतकं तमिळ येईपर्यंत मी राव होऊन गेलो होतो.

मी मूळचा कराडचा. वडिलांची पिठाची चक्की होती, त्यामुळे पिठानं पांढरी झालेली डोकी मी पाळण्यापासून बघत आलो. बी.एस्सी. झाल्यावर सत्तरच्या दशकात पेपरात जाहिरात वाचून थेट मद्रासला गेलो. भात खाणाऱ्या मुलखात गव्हाची एवढी मोठी गिरणी कशाला असेल, हा प्रश्न मला गाडीत बसेपर्यंत पडला नाही, यावरून माझी हुशारी कळावी. गिरणी उत्तर मद्रासमध्ये, तंडियारपेटच्या पुढे. मालकांना सगळे 'मुदलाळी' म्हणत. तमिळमध्ये मुदलाळी म्हणजे मालकच. कमरेला पांढरी वेष्टी म्हणजे लुंगीसारखं धोतर, कपाळावर विभूती, आणि बोलणं असं की शब्दही मोजून आणलेत. मुलाखतीला त्यांनी माझ्यासमोर वेगवेगळ्या गव्हाच्या बशा ठेवल्या. आधी स्वतः चिमूट चिमूट चघळले, मग मला चघळायला लावलं. आमचं एकमत झालं आणि मला नोकरी लागली. आपल्या वडिलांकडून ते ही विद्या शिकले होते, पण एवढे मोठे मालक झाल्यावर सायडिंगवर रवंथ करत उभं राहणं त्यांना शोभत नव्हतं. ते मला शोभत होतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक परोटा मास्टर, म्हणजे हॉटेलात परोटे करणारा, तक्रार घेऊन आला की तुमचा मैदा फाटतो. मी त्याला प्रोटीनवर व्याख्यान दिलं. तो शांतपणे ऐकून घेऊन माझ्याच टेबलावर कणीक तिंबायला लागला. मग गोळ्याला तेल लावून त्यानं तो असा हवेत फेकला की त्याचा पडदा माझ्या तराजूसकट अर्ध्या प्रयोगशाळेवर पसरला. आणि फाटला. "बघा," मास्टर म्हणाला. मी पोत्यावरची चिठ्ठी बघितली. बिस्किटाचा मैदा मीच त्याला पाठवला होता.

दुसरे पोस्टरवाले. नवा सिनेमा लागला किंवा निवडणूक आली की हे लोक मैद्यासाठी रांग लावत, कारण भिंतीवर चिकटवायची खळ मैद्याची. त्यांच्यातल्या एकाला मी ग्लूटेनचा आकडा सांगू लागलो. तो म्हणाला, "सार, आकडा तुमच्याजवळ राहू दे. विरोधी पक्षाला सकाळी खरवडता आलं नाही पाहिजे, एवढंच बघा." मद्रासच्या भिंतींवरचे कितीतरी नायक आणि पुढारी माझ्या शिफारशीवर उभे होते. त्या काळात तेवढं वजन माझ्या शब्दाला दुसरीकडे कुठे नव्हतं.

आता पोटाकडे येतो.

गिरणीत रुळलो आणि माझं पोट बिघडायला लागलं. बिघडायचं म्हणजे कसं, तर ते फुगायचं, गुरगुरायचं, पिळवटायचं, आणि कधी ओव्हरटाइम तर कधी संप. दलालाशी भाव ठरवताना मी अचानक "पुढचं उद्या" म्हणून चालू लागायचो. मला घाई नाही असं समजून दलाल भाव आणखी उतरवायचे. हा एक फायदा सोडला तर बाकी सगळा त्रासच. मी दोष दिला मद्रासच्या पाण्याला. मग चिंचेला. मग सांबाराला, रसमला, आणि लग्न झाल्यावर बायकोच्या स्वयंपाकाला.

कावेरी तंजावरकडची मराठी. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले. तिची मराठी माझ्या मराठीच्या पणजीच्या वयाची आणि चाल मात्र तमिळ. पहिल्या भेटीतच ती मला म्हणाली, "तुम्हांस भात रुचत नाही मणून ऐकलें." मी म्हटलं, "पोळी लागते." ती म्हणाली, "सरी," म्हणजे ठीक आहे. पोळी म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, हे मला लग्नानंतर कळलं. तिच्या माहेरी चपाती नावाची एक कोरडी वस्तू कुणाला ताप आला किंवा साखर निघाली तरच व्हायची.

मी तिला पोळी शिकवायला घेतली. मी जन्मात एक पोळी लाटलेली नव्हती, पण केमिस्ट होतो. पाण्याचं प्रमाण, कणकेची विश्रांती, तेलाचं कार्य, सगळं समजावलं. पहिल्या पोळ्या गिरणीतल्या नळांना वायसर म्हणून चालल्या असत्या. कावेरी म्हणाली, "तुमच्या गांवांत पोळी खातात की मापतात?" मग तिनं मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि एकटीच पोळीशी झुंजत राहिली. बरेच महिने गेले. एक दिवस तव्यावर पोळी टम्म फुगली. ती दचकून मागे सरली, मग माझ्याकडे न बघता पुढची लाटायला घेतली. ती पोळी मी पदर सोडवून, तूप लावून खाल्ली. कराड सोडल्यावर पहिल्यांदाच पोटभर जेवलो असं वाटलं.

आणि संध्याकाळी पोट फुगलं. मी म्हटलं, "रसम बाधलं."

पोट जितकं बिघडे तितकी मी पोळी वाढवत गेलो आणि भात कमी करत गेलो. सगळं मद्रास मला तोच सल्ला देत होतं. तिकडे चपाती म्हणजे पथ्य. मुदलाळींना त्याच सुमारास साखर निघाली होती आणि त्यांच्या डॉक्टरांनी भात बंद करून दोन्ही वेळा चपाती लावली होती. "राव, गहू हलका असतो," ते मला पडेल चेहऱ्यानं म्हणायचे. मी मान डोलवायचो. गव्हाबद्दल आम्हां दोघांनाच तर कळत होतं.

पोंगलला सासुरवाडीला तंजावरला गेलो की मात्र चमत्कार व्हायचा. तिथे तिन्ही त्रिकाळ तांदूळ. भात, इडली, डोसा, गोड पोंगल, उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी, आणि चिंच तर अशी की दात आंबावेत. पोट देवळाच्या तळ्यासारखं निवांत. मी निष्कर्ष काढला की हा कावेरी नदीच्या पाण्याचा गुण. निघताना एक कॅन भरून घेतला आणि मद्रासला येऊन रोज पोळी खाऊन त्यावर ते पाणी पीत बसलो.

हा कॅनचा किस्सा बायकोनं आपल्या मामांना सांगितला. मामा मैलापूरला डॉक्टर. आधी ते पोटभर हसले, मग मला बोलावून घेतलं. तपासलं, वजन केलं, रक्त बघितलं आणि मी काय खातो ते सकाळपासून विचारत गेले.

"जावई, तुमचें आतडें चिडकें आहे," ते म्हणाले. "इंग्रजींत इरिटेबल कोलन मणतात. मोठा रोग नव्हे, पण सुखही नव्हे. गव्हाचा एक निराळा मोठा विकार असतो, त्यांत माणूस वाळत जातो, रक्त उतरतें. तसें तुमचें दिसत नाही. त्याचा शोध घ्यायचा तर आतड्याचा तुकडा काढावा लागेल. आधीं सोपें करून पाहूं. गहू सोडा."

"गहू?"

"पोळी, पाव, रवा, शेवया, बिस्किट. सगळें. थोडे आठवडे. फरक पडला तर पडला, नाही तर दुसरें पाहूं. हें सर्वांस लागू नाही, तुम्हांस पडेल असें मज वाटतें."

"मामा, मी गव्हाच्या गिरणीत नोकरी करतो."

"माझ्याकडे ताडी विकणारे येतात. त्यांसही मी हेंच सांगतो."

घरी आल्यावर कावेरीनं पोळपाट धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला.  एवढ्या खटाटोपानं शिकलेली विद्या अशी माळ्यावर जाताना बघून मी काहीतरी विनोद करायला गेलो, तो झाला नाही. मग घरात नुसतं तांदळाचं राज्य. इडियाप्पम, अडै, आप्पम. मी ज्वारी आणून दिली तर तिची भाकरीही थापून झाली, ती मात्र पहिल्याच दिवशी जमली. परोटा मास्टर रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर जायचो. चहाबरोबर बिस्किट नाही. मी असा कडक राहिलो की शेजारी मला कसलं व्रत आहे ते विचारू लागले.

आणि पोट होतं तसंच होतं.

मामा चक्रावले. कावेरी तर दुखावलीच. "घरांत गव्हाचा कण नाही," ती म्हणाली. "आतां माझ्या हाताचाच दोष मणा." मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, "मग कसें तें सांगा." 

उत्तर सापडलं आयुधपूजेला. त्या दिवशी तिकडच्या कारखान्यांत यंत्रांची पूजा असते आणि घरची माणसंही येतात. आमच्या रोलरांना चंदन, कुंकू, केळीचे खुंट, चुरमुऱ्यांचे ढीग. कावेरी पहिल्यांदाच गिरणी बघत होती. नेमक्या त्याच दिवशी वाघिणी आल्या. मी नव्या शर्टातच सायडिंगवर गेलो आणि पोत्यामागून पोतं चघळायला लागलो. एका हमालाला लहर आली. चंदनाची वाटी घेऊन तो आला आणि म्हणाला, "सगळ्या मशिनींना लावलं, हे एक राहिलं." आणि त्यानं माझ्या दोन्ही गालांना चंदन फासून वर कुंकवाचं बोट टेकवलं. सगळे हसले. मी चघळतच होतो.

कावेरी हसली नाही. ती जवळ आली. "हें काय चाललें आहे?"

"काम."

"तोंडांत काय?"

"गहू."

"रोज?"

"वाघिणी येतील तेव्हा. जवळजवळ रोज."

"मग गिळतां?"

"मग काय करू? अन्न आहे. हमालांसमोर, मुदलाळींसमोर धान्य थुंकायचं?"

ती तिथेच पोत्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिला बोलता येईना. घरातला कण अन् कण मी सोडला होता आणि गिरणीत दिवसभर मुठी मुठी गहू खात होतो. देवाशप्पथ सांगतो, ते खाणं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. खाणं घरी असतं. गिरणीत मी नोकरी करत होतो. शेवटी ती डोळे पुसत म्हणाली, "पोस्टर चिकटवतात ती पसै तुम्ही आंत लावून घेतां मणजे."

मामांनी विचारलं, "जावई, चघळणें मणजे काय कानांनी खातां?" थुंकलं तर चालेल का, मी विचारलं. "पिठाचें पाणी पोटांतच जातें. सोडा तें."

चघळणं सोडलं आणि पंधरवड्यात पोट असं शांत झालं की मलाच चोरट्यासारखं वाटू लागलं. आता खरी भीती उभी राहिली. मला दुसरं काही येत नव्हतं. गोळा धुणं कुठलाही केमिस्ट करू शकतो. माझं तोंड हेच माझं भांडवल होतं, आणि न चघळणारा माणूस मुदलाळी कशाला ठेवतील? मी ठरवलं, सांगायचं नाही.

मग मी नाटक सुरू केलं. वाघिणी येणार असल्या की पहिल्या पोत्यांतला नमुना आधीच मागवून घ्यायचा, प्रयोगशाळेत कुणी नसताना दळून, मळून, धुऊन बघायचा. सायडिंगवर जाताना गालात चुरमुरे ठेवायचे. हमालानं दिलेला गहू तोंडाशी नेऊन बाहीत सोडायचा आणि चुरमुरे चघळत आकाशाकडे बघायचं. निकाल आधीच ठरलेला. बाहीतून गहू गळत असल्यामुळे माझ्यामागे चिमण्या फिरू लागल्या, त्याची एका दलालानं चौकशीही केली. पण नाटक चाललं, आणि मला त्याची चटकच लागली.

धुण्याचा आणि चघळण्याचा फरक मला नडला. तोंडाला वेळ लागत नाही, त्यामुळे मी पूर्वी पोत्यामागून पोतं चाखत जायचो. धुवायला वेळ लागतो, म्हणून आता पहिल्या दोनचार पोत्यांवरच निकाल. एका वाघिणीत मागची पोती प्रवासात भिजून गहू आतून मोड धरू लागला होता. वरून वाळलेला, दिसायला ठीक. चघळला असता तर पहिल्या घासाला कळलं असतं, कारण असा गहू फार लवकर गोड होतो आणि पसै धरत नाही. मी चुरमुरे चघळत "पावाला चालेल" म्हणालो. तो मैदा गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बेकरीत गेला आणि पाव बसले. बेकरीवाल्यानं एक पाव मुदलाळींच्या टेबलावर आणून ठेवला. पेपरवेटच्या शेजारी तो पेपरवेटसारखाच दिसत होता.

पुढच्या वाघिणीला मुदलाळी स्वतः सायडिंगवर आले. दलाल होता, हमाल होते. मी गहू तोंडाशी नेला, बाहीत सोडला, चघळायला लागलो.

मुदलाळींनी आपला तळहात माझ्यासमोर धरला. "राव, पसै काढून दाखवा."

माझ्या तोंडात चुरमुऱ्यांचा लगदा होता. तो मी गिळला. त्यांचा हात तसाच पुढे.  त्यांनी माझ्या बाहीकडे बघितलं, खाली पडलेल्या दाण्यांकडे बघितलं, आणि म्हणाले, "डबा घेऊन वर या."

मी जिना चढताना कराडच्या गाडीचा विचार करत होतो. खोलीत त्यांनी दार लावलं आणि आपला डबा उघडला. स्वयंपाक्यानं केलेल्या चपात्या, गार, कडेला वाळलेल्या. मीही मुकाट माझा उघडला. दहीभात. वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, आलं, आणि तळलेली ताकातली मिरची.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आयुधपूजेपासून, सार." आणि मी सगळं सांगून टाकलं. आतडं, मामा, पोळी, चुरमुरे. कॅनसुद्धा.

त्यांनी एक चपाती उचलली, परत डब्यात ठेवली. मग म्हणाले, "ते बंद करा."

"सार?"

"तो डबा. तयिर सादम. झाकण लावा. ते उघडं असलं की मला हे गिळत नाही."

मी दहीभातावर झाकण लावलं. त्यांनी चपातीचा तुकडा मोडला. वाळलेली असली तरी ती गव्हाची होती. तव्यावर जिथे डाग पडतात तिथला तो वास आला. मी बघत राहिलो असणार.

"तुम्हीपण असं बघू नका," ते म्हणाले. मग हळूहळू त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "माझा डॉक्टर म्हणतो भात खाल्लात तर मराल. तुमचा म्हणतो गहू सोडा. आणि माझ्या घरी दहीभात माझ्या हातात आई कालवून द्यायची, मी शाळेत जाईपर्यंत." त्यांनी माझ्या डब्याकडे बोट केलं. "त्यात आलं आहे?"

"आहे, सार."

"बारीक चिरलेलं?"

"अगदी बारीक."

ते चपाती चावत राहिले. मग कामाचं बोलले. बेकरीवाल्याला ते स्वतः भेटतील. सायडिंगवर आता ते स्वतः चघळतील, त्यांना गहू मना नाही. मी धुवायचं, पण सायडिंगवरच, परात मांडून, आणि प्रत्येक खेपेत मागच्या पोत्यांपासून. "आणि चुरमुरे उद्यापासून घरी ठेवा. चिमण्या फार झाल्यात."

नोकरी राहिली. पुढे कंपनीनं गुम्मिडिपूंडीला नवी गिरणी घातली, यंत्रं आली, ग्लूटेन मोजायला परदेशी उपकरण आलं, आणि मी तिथूनच निवृत्त झालो. पण माझ्या डोळ्यांसमोर येतं ते तंडियारपेटचं सायडिंग. मुदलाळी वेष्टी सावरून पोत्यांतून चघळत पुढे चालले आहेत आणि मी परातीत गोळे धुतोय, बोटं सुरकुतलेली. पांढरं पाणी वाहून जातंय. हातात पसै येत होती, ती ताणून मी बरोबर सांगत होतो. पण दाणा फुटल्यापासून तो गोड होईपर्यंतची जी वाट जिभेवर असते ती हाताला कळत नाही. मी विचारायचो, "सार, गोड झाला?" ते नुसते "हं" म्हणायचे. एवढ्या मोठ्या गोष्टीला नुसतं हं.

एकदा ते म्हणाले, "राव, तुमचं तोंड हलतंय."

"रिकामंच आहे, सार."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि जरा पाठ वळवून चघळू लागले.

दार लावून जेवलो त्याच संध्याकाळी मुदलाळींच्या वाळलेल्या चपात्यांची गोष्ट मी घरी सांगितली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळपाट माळ्यावरून खाली आला होता. मी बघतोय हे पाहून कावेरी म्हणाली, "तुमच्यासाठी नव्हे. मुदलाळींस द्या. केलें नाही मणजे हात विसरतो." पोळ्या तव्यावर फुगत होत्या आणि ती आता दचकत नव्हती. तिनं त्या तूप लावून, घड्या घालून वेगळ्या डब्यात भरल्या. माझ्या डब्यात दहीभात. मी आमच्या ट्रिप्लिकेनहून बसनं निघालो तेव्हा पोळ्यांचा डबा मांडीवर घेतला. शेजारचा म्हातारा वास घेत म्हणाला, "चपाती?" मी म्हटलं, "पोळी." त्याला फरक समजावण्याइतकं अंतर होतं, पण मी समजावला नाही.

मुदलाळींनी पहिली पोळी उघडली तेव्हा पापुद्रे सुटले. ते थबकले. "ह्याच्यात दोन आहेत."

"एकच, सार. पदर आहेत."

त्यांनी खाल्ली. मी माझ्या डब्यावरचं झाकण काढलं नव्हतं. ते म्हणाले, "उघडा. आज चालेल."

मग रोजचं ठरून गेलं. ते पोळी खायचे, मी भात. ते विचारायचे, आज दही आंबट आहे का. मी विचारायचो, कडा मऊ आहेत का. दोघंही दुसऱ्याच्या ताटातलं तोंडी जेवायचो. संध्याकाळी कावेरी विचारायची, "कशा जाहल्या?" आणि मी मुदलाळींचे शब्द आणून द्यायचो. मऊ होत्या म्हणाले. कापसासारख्या म्हणाले. आजची कालच्यापेक्षा चांगली म्हणाले. कधी त्यांचे शब्द संपले की मी माझ्या पदरचे घालून वाढवायचो.

एका संध्याकाळी तिनं मला थांबवलं. "ते काय मणतात तें ठाव आहे. तुम्ही काय मणतां?"

"मी काय म्हणणार? मी खाल्ली कुठे?"

"तरी."

मी विचार केला. म्हटलं, "बसमध्ये डबा मांडीवर असतो. ट्रिप्लिकेनला चांगला गरम लागतो. बीच स्टेशनच्या पुढे गेलं की निवत जातो. गिरणी येईपर्यंत नुसता कोमट."

ती भांडी आवरायला गेली. दुसऱ्या दिवशी तिनं डब्याला एक जाड फडकं जास्त गुंडाळलं, आणि पुढे रोजच गुंडाळत राहिली. मुदलाळी मला म्हणायचे, तुमच्या घरची माणसं फार काळजीची, माझी पोळी गरम राहावी म्हणून किती बघतात. मी हो म्हणायचो.